मुरलेला साबण

साबण हा आपल्या घरांतील इतका नित्याचा पदार्थ आहे कीं, त्याला कांहीं इतिहास असेल ही शंकाहि आपल्या मनाला शिवत नाहीं. लोणचें मुरावें लागतें, तांदूळ जुना असावा, चिंच वर्षभराची असावी, या गोष्टी आपल्याकडील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतात. परंतु साबणहि मुरावा लागतो, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें. तरीहि जुन्या घरांतून एक चाल आढळते. बाजारांतून आणलेली साबणाची वडी लगेच न्हाणीघरांत न नेतां तिचें वेष्टन सोडून ती कांहीं दिवस कपड्यांच्या कपाटांत किंवा फडताळांत ठेवावयाची. कपड्यांना सुवास लागतो हा एक लाभ. वडी वाळून टणक होते व अधिक दिवस पुरते, हा दुसरा आणि खरा लाभ. या लहानशा चालींत साबणाच्या धंद्याचें मोठें रहस्य दडलेलें आहे. साबण तयार होणें आणि साबण विक्रीयोग्य होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधल्या काळांत तो कोठें, कसा आणि कोणाच्या खर्चानें पडून राहावयाचा, या प्रश्नाभोंवतीं या धंद्याचा इतिहास फिरत आला आहे. त्या इतिहासाकडे आज आपण छत्रपति संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, परिसरांतून पाहणार आहों.

प्रथम साबण म्हणजे काय तें पाहूं. तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांचा संयोग झाला म्हणजे साबण व ग्लिसरीन असे दोन पदार्थ निर्माण होतात. शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत स्निग्ध पदार्थांच्या या घटनेचा उलगडा केला. हातानें, न कढवितां केलेल्या साबणांत हा संयोग बहुतांशीं पहिल्या एकदोन दिवसांतच उरकतो. सांच्यांतून काढून वड्या पाडल्या म्हणजे दिसावयास तो साबणच असतो. परंतु क्षार विरघळविण्यासाठीं घातलेलें पाणी अजून त्याच्या अंगांत असतें. अशी वडी मऊ लागते आणि पाण्याचा स्पर्श होतांच भराभर झिजते. तीच वडी चार ते सहा आठवडे मोकळ्या हवेंत ठेवली म्हणजे पाणी हळूहळू उडून जातें, आंतील घडण घट्ट होते आणि उरलासुरला क्षारहि सौम्य होतो. या काळांत तिचें वजन सुमारें एक दशांशानें घटतें. कढवून केलेल्या साबणाची स्थितिहि फारशी वेगळी नाहीं. कढईंतून उतरलेल्या शुद्ध साबणांत शेंकडा तीसच्या आसपास पाणीच असतें.

यांतून धंद्याची एक विलक्षण अडचण उभी राहते. कोठारांत माल जसजसा चांगला होत जातो, तसतसा तो वजनानें कमी होत जातो. दुसऱ्या पुष्कळ धंद्यांत माल थांबविला तर भाव चढण्याची आशा तरी असते. येथें थांबण्याची पहिली किंमत करणाऱ्यालाच आपल्या तराजूंतून मोजावी लागते. ही गोष्ट ध्यानांत ठेवून आपण मागें वळूं.

आपल्या देशांत अंगाच्या व वस्त्रांच्या स्वच्छतेचीं साधनें प्राचीन आहेत. पण तीं बहुधा ताजीं वापरावयाचीं असत. वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाची दिनचर्या सांगतांना दर तिसऱ्या दिवशीं ‘फेनक’ म्हणजे फेस देणारें द्रव्य वापरावें, असें म्हटलें आहे. आपल्या घरांतील रिठा व शिकेकाई यांचा प्रकार हाच. वाळलेलीं फळें व शेंगा वर्षभर डब्यांत राहतील. पण त्या भिजवून, कढवून काढलेला फेस त्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशीं तो आंबूस होतो. क्षाराची विद्याहि आपल्याकडे पुरातन. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षारपाकविधीला वाहिलेला असून, वनस्पतींची राख पाण्यांत कालवून, गाळून, आटवून मृदु, मध्यम व तीक्ष्ण असे तीन प्रकारचे क्षार कसे सिद्ध करावे तें त्यांत सांगितलें आहे. मात्र त्या क्षाराचें कार्य चिकित्सेंतलें होतें, धुण्यातलें नव्हे.

तेल आणि क्षार यांचा संयोग करून टणक वडी पाडावी, ती सांठवावी व दूरच्या बाजारांत विकावी, ही कला आपल्याकडे पश्चिमेकडून येणाऱ्या व्यापाराबरोबर रुजली असावी, असें तिच्या नांवावरूनच अनुमान होतें. ‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’ या शब्दाचें मराठी रूप आहे. गुरु नानकांच्या ‘जपुजी’मध्यें मळलेलें वस्त्र साबणानें धुण्याचा दृष्टांत आहे. सतराव्या शतकांत देहूच्या तुकोबांच्या अभंगांत, निर्मळ पाण्यावांचून साबण व्यर्थ, या अर्थाचा दाखला आला आहे. संत दृष्टांत देतात ते श्रोत्यांच्या नित्य परिचयांतल्या वस्तूंचे. म्हणजे तुकोबांच्या काळीं महाराष्ट्रांतील सामान्य माणसाला साबण हा शब्द समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मग या साबणाला लागणारा क्षार कोठून येत असेल? त्याचा एक मोठा साठा संभाजीनगरपासून फार दूर नाहीं. जालन्यावरून पूर्वेकडे निघालें म्हणजे सुमारें दीडशें किलोमीटरांवर, बुलढाणा जिल्ह्यांत लोणारचें प्रसिद्ध सरोवर लागतें. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचा हा खळगा उल्केच्या आघातानें झाला, हें १९७३ सालीं शास्त्रज्ञांनीं दगडांच्या परीक्षणावरून सिद्ध केलें. सरोवराचें पाणी अतिशय क्षारयुक्त आहे. उन्हाळ्यांत तें ओसरलें म्हणजे कांठच्या चिखलावर खाराचे थर उघडे पडत आणि लोक ते गोळा करीत. त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशीं निरनिराळीं नांवें होतीं. भूस्तरशास्त्रज्ञ ला तूश व क्रिस्टी यांनीं १९१२ सालीं या खारांविषयीं सविस्तर टिपण प्रसिद्ध केलें.

याहूनहि महत्त्वाची साक्ष तीन शतकें आधींची आहे. १५९६ सालीं अहमदनगरच्या चांदबिबीशीं झालेल्या तहानें वऱ्हाड अकबराकडे गेलें. त्या नव्या सुभ्याचें वर्णन करितांना अबुल फज्लनें ‘आईन-इ-अकबरी’त मेहकरकडील लोणारचा उल्लेख केला आहे. कांच आणि साबण यांना लागणारें साहित्य येथें मिळतें आणि येथील खारांपासून सरकारला चांगलें उत्पन्न होतें, असें तो सांगतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मुलखांतील साबणाचें साहित्य बादशाही दप्तरांत उत्पन्नाची बाब म्हणून नोंदलें गेलें होतें, ही गोष्ट आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

लोणारच्या खाराचें महत्त्व केवळ त्याच्या विपुलतेंत नव्हतें. त्याच्या जातींत होतें. समुद्रापासून दूरच्या प्रदेशांत वाढणाऱ्या बहुतेक झाडांच्या राखेंतून जो क्षार निघतो तो पोटॅशचा. त्याचा साबण मऊ, लुसलुशीत होतो. हवेंतील ओलावा ओढून घेतो. त्याच्या वड्या पडत नाहींत, तो भांड्यांत भरूनच विकावा लागतो. उलट सोड्याच्या क्षारानें साबणाची टणक वडी बनते. ती रचतां येते, बैलावर लादतां येते, महिनेच्या महिने ठेवतां येते. लोणारचा खार हा सोड्याचा होता. स्पेनच्या किनाऱ्यावरील किंवा सीरियाच्या ओसाड मुलखांतील विशिष्ट खारट वनस्पति जाळून तेथील लोक जें मिळवीत, तें येथें सरोवराच्या कांठीं आयतें पडलेलें होतें. या खाराच्या पाण्यांत भाजलेला चुना घातला म्हणजे तळाशीं गाळ बसतो आणि वर तीव्र क्षाराची निवळी राहते. ती निवळी आणि तेल, एवढें असलें कीं साबणाची कढई चढविण्यास हरकत नाहीं.

आतां संभाजीनगरकडे येऊं. मलिक अंबरनें १६१० सालीं खडकी या गांवाच्या जागीं हें शहर वसविलें आणि डोंगरांतील झऱ्यांचें पाणी जमिनीखालच्या नहरीनें शहरांत आणलें. १६५३ सालीं त्याला औरंगाबाद हें नांव मिळालें, १६८२ सालीं खुद्द औरंगजेब बादशहा आपल्या प्रचंड लवाजम्यासह तेथें येऊन उतरला, आणि २०२३ सालीं शहराचें व जिल्ह्याचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें. या शहराची व दक्षिणेस पन्नास किलोमीटरांवर असलेल्या पैठणची कीर्ति विणकामाची. येथला हिमरू, मश्रू आणि तेथली पैठणी, या सर्वांचा प्राण म्हणजे रेशीम. कोशांतून काढलेल्या कच्च्या रेशमावर डिंकासारख्या एका द्रव्याचा थर असतो. साबणाच्या किंवा पापडखाराच्या कढत पाण्यांत तो थर काढून टाकल्याशिवाय रेशमाला मऊपणा येत नाहीं, चकाकी येत नाहीं, रंगहि नीट बसत नाहीं. म्हणजे पैठणीचा झगमगाट खाराच्या पाण्यांतूनच वर येतो. शिवाय हा सारा प्रदेश काळ्या फत्तराचा; येथल्या बऱ्याच विहिरींचें पाणी जड. जड पाण्यांत साबणाचा फेस होण्याऐवजीं कांहीं भाग दह्यासारखा फुटून वायां जातो आणि धुणाऱ्याला साबण वा खार अधिक लागतो.

साहित्याकडे पाहिलें तर लोणारचा सोडा एका बाजूला, आणि करडई, तीळ, जवस, एरंडी, करंज यांचीं तेलें दुसऱ्या बाजूला. मागणीकडे पाहिलें तर विणकर, रंगारी, धोबी आणि छावणी. असें असूनहि हें शहर हिमरूसाठीं प्रसिद्ध झालें, दौलताबादजवळचा कागजीपुरा हातकागदासाठीं प्रसिद्ध झाला. साबणासाठीं मात्र या भागांतील कोणत्याहि गांवाचें नांव देशभर गाजलें नाहीं. याचें उत्तर मला कढईपाशीं सांपडत नाहीं. तें कोठारापाशीं शोधावें लागतें. त्यासाठीं, ज्या गांवांचें नांव साबणामुळें जगभर गेलें, तेथें क्षणभर जाऊन यावें लागेल.

पॅलेस्टाइनमधील नाब्लुस आणि सीरियांतील अलेप्पो हीं शहरें ऑलिव्ह तेलाच्या साबणासाठीं शतकानुशतकें विख्यात आहेत. नाब्लुसच्या जुन्या कारखान्यांची इमारतच पुष्कळ सांगून जाते. तळमजल्यावर तेलाचीं टांकीं व मोठी कढई. वरच्या मजल्यावर लांबरुंद मोकळें दालन. कढलेला साबण वर नेऊन जमिनीवर पसरावयाचा, थिजल्यावर त्यावर रेघा आंखून वड्या कापावयाच्या, प्रत्येक वडीवर कारखान्याचा शिक्का मारावयाचा. मग त्या वड्या अशा रचावयाच्या कीं, मधल्या फटींतून वारा खेळेल आणि आंतून पोकळ असा माणसाहून उंच, निमुळता मनोरा उभा राहील. असे मनोरेच मनोरे त्या दालनांत उभे असत. अलेप्पोचा साबण तर सहा ते नऊ महिने असा पडून राहतो. सुरवातीला हिरवा असलेला त्याचा रंग बाहेरून सोनेरी पिंगट होतो. वडी कापली तर आंत हिरवा गाभा दिसतो. गिऱ्हाईक वडीचा रंग पाहूनच तिचें वय ओळखतो. या दोन्ही शहरांच्या साबणकलेची नोंद युनेस्कोनें २०२४ सालीं मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली.

या इमारतींचा अर्थ काय? त्यांतील मोठी जागा साबण करण्यासाठीं नसून तो थांबविण्यासाठीं होती. आणि थांबविणें म्हणजे भांडवल अडकविणें. नाब्लुसचे साबणवाले हे बहुधा तेलाचे व्यापारी व सावकारहि असत. ऑलिव्हच्या शेतकऱ्यांना आगाऊ रकमा देऊन ते तेल बांधून घेत. तेलांत गुंतलेला पैसा पुढें महिनेच्या महिने साबणाच्या मनोऱ्यांत उभा राही. तो तसा उभा ठेवण्याची ज्याची ऐपत, त्याचाच शिक्का बाजारांत चाले. फ्रान्समध्यें मार्सेय शहराच्या साबणाची प्रत राखण्यासाठीं चौदाव्या लुईच्या १६८८ च्या फर्मानानें ऑलिव्ह तेलाखेरीज दुसरें तेल वापरण्यास बंदी घातली, आणि जून, जुलै व ऑगस्ट या उष्ण महिन्यांत कारखाने बंद ठेवावे असें ठरविलें. साबणाला ऋतु असतो, हें तेथें राजाज्ञेनें मान्य झालें.

आपल्या पश्चिम हिंदुस्थानांतहि एक उदाहरण आहे. गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांतलें कपडवंज हें गांव साबण, कांच आणि तुपाचे चामडी बुधले यांसाठीं नांवाजलेलें होतें. साबण आणि कांच ही जोडी आपण अबुल फज्लच्या लोणारवर्णनांतहि पाहिली. दोहोंचें मूळ एकच, सोड्याचा खार. परंतु कपडवंज हें मध्य हिंदुस्थानांतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर होतें. तेथें माल अडवून धरणारा व्यापारी होता आणि तो पुढें नेणारा रस्ताहि होता. लोणारचा खार मात्र खार म्हणूनच बाहेर जाई. त्याचें पक्क्या मालांत रूपांतर करून, तो मुरवून, शिक्का मारून विकणारी पेढी त्या खारामागें उभी राहिली नाहीं. विणकराला साबण लागे तो उद्यांच्या कामाला; धोब्याचें काम तर नुसत्या खारावरहि भागे. थांबलेल्या मालाची किंमत देणारें गिऱ्हाईक नसेल, तर माल थांबवावा कोणीं? आपल्या भागांत साबणाची कला असूनहि साबणाचें गांव झालें नाहीं, याचें मला दिसणारें कारण हें आहे.

आतां वजनाच्या प्रश्नाकडे वळूं. साबण वजनावर विकला जात असे, तोंवर ओला साबण विकण्याचा मोह हा या धंद्याचा जन्माचा सोबती होता. पाण्यालाहि साबणाचा भाव मिळत असेल, तर तें पाणी उडून जाईपर्यंत कोण थांबेल? गिऱ्हाइकाला वडी मोठी व स्वस्त दिसते. चार दिवसांत ती आखडते, वांकते व भराभर संपते. इंग्लंडांत १७१२ पासून १८५३ पर्यंत साबणावर वजनाप्रमाणें कर होता, आणि चोरून साबण होऊं नये म्हणून रात्रीं कढयांच्या झांकणांना सरकारी कुलूपें पडत. झांकणाला कुलूप घालणें सोपें आहे. वडींतल्या पाण्याला कुलूप घालतां येत नाहीं. आपल्या कायद्यानेंहि ही गोष्ट ओळखली आहे. आजच्या साबणाच्या वेष्टनावर वजनाच्या आंकड्याशेजारीं ‘भरतेवेळीं’ या अर्थाचे शब्द पुष्कळदां छापलेले दिसतात. साबण हा हवेप्रमाणें वजन बदलणारा पदार्थ आहे, म्हणून बांधणीच्या वेळचें वजन सांगण्याची मुभा नियमांनीं दिली आहे. त्याचप्रमाणें साबणाची प्रत वजनावरून न ठरवितां त्यांतील स्निग्धाम्लांच्या प्रमाणावरून ठरविण्याची पद्धति भारतीय मानकांनीं स्वीकारली. अंगाच्या साबणाच्या पहिल्या प्रतींत हें प्रमाण शेंकडा ७६, दुसरींत ७० व तिसरींत ६० तरी असावें लागतें. हे आंकडे म्हणजे पाणी विकण्याच्या जुन्या मोहाला घातलेला बांधच होय.

एकोणिसाव्या शतकांत या सर्व व्यवहाराचें रूप पालटलें. फ्रान्समधील लब्लांनें १७९१ सालीं मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. पुढें १८६० नंतर बेल्जममधील सोल्व्हेची अधिक स्वस्त कृति आली. कारखान्यांतला एकजिनसी सोडा आगबोटींनीं जगभर जाऊं लागल्यावर सरोवरांच्या आणि राखेच्या खाराचें महत्त्व ओसरलें. तेव्हां लोणार इंग्रजी अंमलाखालीं आलेंच होतें. १८५३ च्या करारानें निजामानें वऱ्हाड कंपनीच्या हवालीं केलें होतें. दुसरा पालट साबणाच्या अंगावरच झाला. पूर्वीं किराणा दुकानदार साबणाच्या लांब कांबीचा तुकडा कापून तोलून देई. विल्यम लिव्हरनें १८८४ सालीं ‘सनलाइट’ हें नांव नोंदवून, वेष्टनांत गुंडाळलेल्या ठराविक वड्या विकण्यास आरंभ केला. १८८८ सालीं त्याचीं खोकीं कलकत्त्याच्या बंदरांत उतरलीं. पुढें साबणाच्या पापड्या उष्ण हवेनें वाळवून, यंत्रांत दाबून वड्या पाडण्याची पद्धति रूढ झाली. जें काम नाब्लुसचा मनोरा महिन्यांत करी, तें यंत्र कांहीं तासांत करूं लागलें. कारखानदारानें साबण अधिक चांगला केला असें नाहीं. त्यानें थांबण्याची गरज विकत घेऊन टाकली. हाच त्याचा खरा विजय होता.

त्याला आपल्या देशांतून उत्तर मिळालें तें स्वदेशीच्या लाटेंत. मुंबईचे अर्देशीर गोदरेज हे कुलुपांचे व तिजोऱ्यांचे कारखानदार. त्यांनीं १९१८ सालीं चरबीऐवजीं वनस्पतितेलाचा ‘चावी’ साबण बाजारांत आणला. विलायती साबणांतील प्राण्यांच्या चरबीविषयीं ज्यांच्या मनांत किंतु होता, अशा हिंदु व जैन घरांचा तो प्रश्न सुटला. पण गोदरेजांचा मार्गहि कारखान्याचाच होता. गांवच्या हातांना काम देणारा मार्ग वर्ध्याला शोधला गेला. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं मगनवाडींत त्याचें काम चाललें. खाण्याच्या उपयोगीं न पडणारीं तेलें आणि देशी खार यांपासून साबण करणें हा त्या विचारांतला एक उद्योग होता. पुढें १९५७ सालीं स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगानेंहि अखाद्य तेलांच्या साबणाला ग्रामोद्योगांत स्थान दिलें. या प्रयत्नांत तेलाचा व खाराचा विचार पुष्कळ झाला. कोठाराचा प्रश्न मात्र प्रत्येक लहान उत्पादकाच्या दारांत तसाच उभा राहिला.

आज तो पुन्हां उभा आहे. आपल्या शहरांतून हातानें केलेल्या साबणाची आवड वाढली असून अनेक स्त्रिया व बचतगट घरच्या घरीं हा उद्योग करितात. लोणार आतां अभयारण्य आहे आणि २०२० सालीं तें रामसर पाणथळांच्या यादींत गेलें. तेथून खार काढण्याचा प्रश्न उरला नाहीं आणि त्याची गरजहि नाहीं, कारण सोडा बाजारांत मिळतो. तेल, सांचा, सुगंध सारें मिळतें. मिळत नाहीं तो वेळ. महिनादीड महिना माल फळीवर, पैसा मालांत, आणि दारांत दिवाळीची मागणी. अशा वेळीं पंधरा दिवसांची ओली वडी सुंदर कागदांत गुंडाळून देण्याचा मोह होतो. ती गिऱ्हाइकाच्या घरीं कागदाच्या आंत घाम सोडते आणि दोन आठवड्यांत संपते. गिऱ्हाईक रागावत नाहीं. तें फक्त पुन्हां येत नाहीं.

म्हणून जुन्या साबणगांवांपासून शिकण्याजोगें जें आहे तें थोडक्यांत सांगतों. मुरत असतांना साबणाला हवा हवी. मुरल्यावर त्याला आडोसा हवा. पहिल्या काळांत वड्या लांकडी फळीवर किंवा कामट्यांच्या मांडणीवर एकमेकींना न चिकटतां उभ्या कराव्या, मधून मधून फिरवाव्या, ऊन लागूं देऊं नये. लोखंड वा तांबें यांचा स्पर्श टाळावा, कारण त्यानें तेलाचा अंश लवकर खवट होतो व वडीवर नारिंगी डाग पडतात. वर पांढरी पूड दिसली तर भिण्याचें कारण नाहीं. तो हवेनें झालेला सोडा असतो, बुरशी नव्हे. प्रत्येक रासेवर केल्याची तारीख लिहावी आणि एक वडी वरचेवर तोलून पाहावी. वजन उतरणें थांबलें म्हणजे साबण मुरला असें समजावें. त्यानंतर मात्र त्याला कागदांत गुंडाळून कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावें.

मराठवाड्याचें हवामान या कामांत मित्रहि आहे आणि शत्रूहि. संभाजीनगरला वर्षांत सुमारें सातशें मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेलें वर्ष कोरडें असल्यानें येथें वडी चांगली वाळते. कोंकणांतल्या साबणवाल्यानें हेवा करावा अशी ही हवा आहे. परंतु हातानें केलेल्या साबणांत ग्लिसरीन शिल्लक असतें आणि तें ओलावा ओढतें. पावसाळ्यांत उघड्या वडीवर दंव पडल्यासारखे थेंब येतात व उन्हाळ्यांत मिळविलेलें सारें जातें. तेव्हां फाल्गुन-चैत्रांत साबण करून रोहिणी लागण्यापूर्वीं तो मुरवावा, आणि मृग निघण्याच्या आंत बंद करावा. शेतकऱ्याच्या पेरणीला जसा वापसा, तसा साबणालाहि वापसा आहे.

परंतु हवा अनुकूल असली तरी पैशाची अडचण हवेनें सुटत नाहीं. एका घराला महिनादीड महिना माल थांबविणें जड जातें. दहा घरांनीं मिळून एक कोरडी खोली घेतली, प्रत्येक रासेवर तारीख टाकली आणि ठरल्या मुदतीपूर्वीं वडी बाहेर जाऊं द्यावयाची नाहीं असा नियम केला, तर तो भार वांटला जातो. नाब्लुसचा सावकार जें एकट्याच्या तिजोरीवर करी, तें सहकाराच्या या महाराष्ट्रांत अनेकांच्या विश्वासावर होऊं शकेल. त्याबरोबरच गिऱ्हाइकांचेंहि कर्तव्य आहे. वडी किती सुंदर आहे आणि केवढ्याला आहे, हें विचारण्यापूर्वीं ती कधीं केली, एवढा एक प्रश्न आपण विचारावा. मुरलेली वडी कच्च्या वडीहून वजनानें कमी भरेल आणि किंमतीनें थोडी अधिक असेल. तो अधिक पैसा सुगंधाचा किंवा कागदाचा नसतो. कोणीतरी आपल्यासाठीं दीड महिना धीर धरला, त्या धीराचें तें मोल असतें. आणि तें देणारें गिऱ्हाईक ज्या गांवांत निपजतें, त्याच गांवांत चांगला साबण टिकून राहतो.